बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग

२ फेब्रुवारी, रविवार

अग्निशमन कचेरीचा कागद आला. घरातल्या खोल्या दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना देणाऱ्या सगळ्यांनी आता आगीबाबतचं घोषणापत्र भरून द्यायचं आहे. चौदा मुद्दे. मुदत पंधरा तारखेची. एकही मुद्दा अपुरा असला तर परवानगी रद्द.

कागद नीट केलेला आहे. सत्तावीस वर्षं मी शेगड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली, त्यामुळे वाईट फॉर्म मला लांबून ओळखू येतो. हा तसा नाही. ज्याने केला त्याने आग पाहिलेली असावी.

परवानगी जाऊन चालणार नाही. हे गेल्याला चार वर्षं झाली. वरच्या तीन खोल्या बंद ठेवून धूळ साठवण्यापेक्षा मी पाहुणे ठेवू लागले. लेकीला ते पसंत नाही. तिचं-माझं ठरलं आहे: परवानगी आहे तोवर मी इथे, ती गेली की बिऱ्हाड गुंडाळून तिच्याकडे. तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे. त्यात टीव्हीही लावलाय म्हणे. म्हणजे मला तिथे बसवून ठेवायचा बेत पक्का आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

धुराचे गजर आणले. तिन्ही खोल्यांत एकेक, पॅसेजमध्ये एक, जिन्याच्या तोंडाशी एक, स्वयंपाकघरात एक.

दुकानदार म्हणाला, "मावशी, सहा कशाला? छोटं घर तुमचं, एक पुरे."

म्हटलं, "तुमच्या दुकानात दिवे अकरा आहेत. दुकान तर माझ्या हॉलएवढंही नाही."

मग त्याने मुकाट्याने सहा बांधून दिले. अग्निशामक सिलिंडर दोन घेतले, एक वर, एक खाली. पिन कशी ओढायची ते त्याला येत नव्हतं. मीच दाखवलं.

स्टुलावर चढून गजर बसवताना दोनदा उतरून बसावं लागलं. स्टूल डुगडुगतं. बदलायला हवं.

९ फेब्रुवारी, रविवार

गजर दर आठवड्याला वाजवून पाहायचे आहेत. मी रविवारी सकाळी दहा ही वेळ ठरवली. सगळे वाजले. वहीत नोंद केली.

शेवटचा वाजून थांबला तेव्हा पलीकडून भिंतीवर दोन ठोके आले. धाकट्या जावेचे. आवाज सहन होत नाही हे सांगायची ही तिची रीत. अकरा वर्षं तोंडाने बोलायची सोय नाही, म्हणून भिंतीने बोलते.

चौदापैकी तेरा मुद्दे झाले. राहिला नववा: "वरच्या मजल्यावरून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे काय? असल्यास वर्णन करा."

वरून खाली यायला एकच जिना आहे, तो माझ्या हॉलमध्ये उतरतो. घर दोघा भावांनी मिळून बांधलं तेव्हा वरचा पॅसेज सलग होता, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला धाकट्यांचा जिना त्यांच्या अंगणात उतरत असे. सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या. पॅसेजच्या मध्ये दरवाजा होता, त्याला मी माझ्या बाजूने कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी पलीकडून फरशीवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. धाकटीने तिच्या बाजूने दरवाजाला कपाट लावलं होतं. फिट्टंफाट.

कुलूप माझं आहे, ते मी काढू शकते. कपाट तिचं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूप काढलं. किल्ली गंजली होती, तेल घालावं लागलं. दरवाजा माझ्याकडे उघडतो. उघडल्यावर समोर कपाटाची पाठ, प्लायवूडची. तिच्यावर खडूने "वरचं" असं लिहिलं आहे. सुताराने लिहिलं असेल.

लोटून पाहिलं. जागचं हललं नाही.

तिला सांगायला जायचं म्हणजे फाटकातून आत जायचं, दार वाजवायचं, आणि ती उघडून "काय?" म्हणेल त्याला उत्तर द्यायचं. हे मी डोक्यात तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा फाटकाशीच थांबले.

दरवाजा बंद केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुद्दा नऊ: "आहे. पॅसेजच्या टोकाचा दरवाजा. कुलूप नाही." भरून दिलं.

शब्दशः खोटं नाही. दरवाजा आहे आणि कुलूप नाही. दरवाजाच्या वर हिरवी पाटीही लावली, धावणाऱ्या माणसाच्या चित्राची. सरळ बसली आहे.

कारखान्यात असा माल माझ्यासमोर आला असता तर मी काय केलं असतं ते लिहायला नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एका दिवसात दोन खोल्या रिकाम्या, तीन भरल्या. चादरी अकरा, उशांचे अभ्रे चौदा. इस्त्रीचं टेबल जिन्याखाली हलवलं; तिथे सावली असते आणि वर-खाली करावं लागत नाही. सूचनापत्रात पाहुण्यांसाठी मीच लिहिलं आहे: जिन्याखाली विजेचं काही लावू नये. पण ते चार्जर वगैरेंसाठी. इस्त्रीपाशी मी स्वतः उभी असते.

फाटकाशी भावजी भेटले. तेच कधीमधी बोलतात. "वहिनी, सकाळी तुमच्या न्हाणीघरातला नळ चालू होता का? तासभर पाण्याचा आवाज येत होता." म्हटलं, पाहुण्यांनी ठेवला असेल.

त्या वेळी जुने पाहुणे निघून गेले होते आणि नवे आलेले नव्हते, हे नंतर लक्षात आलं. नळाचा वायसर बदलायला हवा.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहाला गजर. सगळे ठीक. पलीकडून दोन ठोके. सहन करायला शीक म्हणावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीतून पत्र. घोषणापत्र मंजूर. पाहणी कधीही होऊ शकते. लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू दमलेली वाटतेस."

म्हटलं, "पत्र वाचून दाखवत होते, श्वास लागतोच."

२३ फेब्रुवारी, रविवार

गजर वाजवले. नोंद करायला वही उघडली तर आजची नोंद आधीच केलेली होती, दहा वाजताची, माझ्याच अक्षरात. म्हणजे मी आज दोनदा वाजवले असणार. ठोके किती आले ते लक्षात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या खोलीत तिघे आले. मुलगा, सून, आणि मुलाचे वडील. मुलगा-सून घर शोधायला दिवसभर बाहेर फिरणार. आजोबांचे गुडघे गेलेले, ते खोलीतच राहणार. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी म्हटलं, खाली खोली असती तर तीच दिली असती. ते म्हणाले, "राहू द्या हो. वर गेलेल्याला परत खाली यायची घाई नसते."

सगळ्या पाहुण्यांना दाखवते तसं त्यांनाही दाखवलं: गजर, सिलिंडर, जिना, हिरवी पाटी.

आजोबांनी विचारलं, "या दरवाजापलीकडे काय आहे?"

"दुसरं बिऱ्हाड."

"तुमचेच कोणी?"

"धाकटी जाऊ."

"मग काय, घरातल्या घरात," असं म्हणून ते समाधानाने खोलीत गेले. मी दोन मिनिटं तिथेच उभी होते. मग चादरी होत्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज लिहीत नाही. हातांचं काळं निघत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते.

काल दुपारी तीनच्या सुमाराला इस्त्री करत होते. सहा चादरी झाल्या, बाकीच्या मागच्या अंगणात दोरीवर होत्या. त्या आणायला गेले. इस्त्री बंद करून गेले असं मला आठवतं. पण इस्त्रीचा जो गोळा उरला आहे त्याचं बटण चालूवर वितळलेलं आहे. तेव्हा माझी आठवण नापास.

चादरी काढल्या आणि मागच्या पायरीवर जराशी टेकले. डोळे दोन मिनिटं मिटले असतील. फार तर पाच.

गजराने उठले. आधी वाटलं, रविवार आहे. मग एकामागून एक सगळे वाजायला लागले.

आत आले तर टेबल आणि इस्त्री केलेला गठ्ठा पेटलेला. स्वयंपाकघरातला सिलिंडर काढला, पिन ओढली, खालून फवारा मारला. ज्वाला विझली. ती मोठी नव्हतीच. पण गाद्यांची पांघरुणंही तिथेच रचलेली होती, ती धुमसत होती, आणि सगळा धूर धुराड्यातून जावा तसा जिन्यातून वर चालला होता. तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. श्वास घेताच येईना.

अग्निशमनला फोन केला. मग आजोबा आठवले. मुलगा-सून बाहेर, ते एकटे वर.

जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, "आजोबा, जिन्याकडे येऊ नका! हिरव्या पाटीकडे जा! दरवाजा उघडा आहे!"

वरून आवाज आला, "बरं, बरं. निघालो."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं, की मी त्यांना कपाटाकडे पाठवलं आहे.

धाकटीचं फाटक कसं उघडलं ते आठवत नाही. दार उघडंच होतं. त्यांच्या जिन्याने वर गेले. धाकटी कपाटापाशी होती. कपाटाची दारं उघडी, आतल्या रजया, गाठोडी, सासूबाईंची लाकडी पेटी, सगळं तिने जमिनीवर फेकलं होतं, आणि एकटीच खांदा लावून रेटत होती. कपाटाच्या आतून आजोबांचा आवाज येत होता. "अहो, इथे कोणी आहे का? दरवाजा उघडला, पण पुढे लाकूडच आहे."

धाकटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघत काय उभ्या राहिलात वहिनी? ती बाजू धरा."

अकरा वर्षांत तिने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

धरली. हलेना. अकरा वर्षं एका जागी राहून कपाटाचे पाय फरशीला चिकटले होते. ती म्हणाली, "वर उचलून ओढा, नुसतं ढकलू नका. तुमचं नेहमीचं आहे, नुसतं ढकलायचं." उचललं. माझ्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं. कपाट हातभर सरकलं आणि त्या फटीतून काळा धूर आला, त्याच्या मागून आजोबा, आडवे होऊन, तोंडावर ओला टॉवेल. तो टॉवेल तोंडाशी धरायचं सूचनापत्रात आहे. त्यांनी ते वाचलं होतं.

खोकून झाल्यावर म्हणाले, "तुमचा दुसरा मार्ग जरा अरुंद आहे हो, बाई."

धाकटीने त्यांना खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"गजर वाजला की. तुमचा रविवारी दहाला वाजतो. आज बुधवार."

"तुला त्याचा त्रास होतो, ठाऊक आहे मला. ठोकतेस ना दर वेळी."

"त्रास झाला असता तर येऊन भांडले नसते? ठोके कशाला मारीन? गजर थांबला की तुमची पलीकडे काही हालचाल कळेना, म्हणून ठोकायची. एकदा तरी उलट ठोकायचं होतंत."

मी जमिनीवरची एक रजई उचलून तिची घडी घातली. 

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचं अर्धंच लिहिलं.

बंब दहा मिनिटांत आला. सोबतची अधिकारी तिशीतली बाई, केस कापलेले, बोलणं मोजकं. तिने जिना पाहिला, इस्त्री पाहिली, मला ऐकवायचं ते ऐकवलं. सगळं रास्त होतं. मग वर पॅसेजमध्ये गेली. हिरवी पाटी, उघडा दरवाजा, पलीकडे तिरपं उभं कपाट. "हे कपाट इथे का?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "आजच सरकवलं होतं, मागचं झाडून घ्यायला. एरवी वाट मोकळी असते."

अधिकारी बाईने लिहिलं: "दुसऱ्या मार्गाने सुटका झाली. मार्ग समाधानकारक." म्हणाली, तुमच्या घोषणापत्रामुळे एका माणसाचा जीव वाचला. इस्त्रीसाठी लेखी ताकीद मिळेल, परवानगी राहील.

आजोबांच्या मुलाने माझे पाय धरले. आजोबा म्हणाले, "अरे, पाय धरायचे तर दोघींचे धर, एकट्या ओढत नव्हत्या त्या."

म्हणजे सगळं ठीक झालं. परवानगी राहिली, घर राहिलं.

जेवण गेलं नाही.

२ मार्च, रविवार

जिना घासला. भिंतीवरचं काळं निघत नाही, रंगच द्यावा लागेल. पाहुण्यांचं पुढचं सगळं रद्द केलं. कारण कळवलं, दुरुस्ती.

कारखान्यात एकदा एका पाळीच्या सगळ्या झडपा मोजमापात बरोबर निघाल्या, पण मापनयंत्रच चुकलेलं आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. साहेब म्हणाले, "माल बरोबर आहे ना? मग जाऊ द्या." मी जाऊ दिला नाही. चुकून बरोबर आलेला माल मी कधी पास केलेला नाही.

आणि मुद्दा नऊ असाच भरणाऱ्या पुढच्या घरमालकाकडे कपाट हलवायला पलीकडे कोणी नसेल, तर?

३ मार्च, सोमवार

कचेरीत गेले. त्या अधिकारी बाईला सांगितलं: मुद्दा नऊ मी खोटा भरला. कपाट अकरा वर्षं तिथेच होतं. जाऊ माझ्यासाठी खोटं बोलली, तिला त्रास देऊ नका.

तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, मग आता का सांगताय?"

"तुमच्या नोंदीत चूक आहे. दुरुस्त करा."

तिने केली. परवानगी स्थगित. परत हवी असेल तर पंधरा दिवसांत: दरवाजा दोन्ही बाजूंनी कायम मोकळा, कुठलंही कुलूप-कडी नाही, जिन्याखालचा प्लग काढलेला, आणि पलीकडे राहणाऱ्यांची लेखी संमती. सही धाकटीचीच हवी, तिचा भाग तिच्या नावावर आहे.

लेकीला कळवलं. ती मग म्हणाली, "मी खोली आवरून ठेवते, आई." टीव्हीचं काही म्हणाली नाही.

४ मार्च, मंगळवार

दरवाजा तेव्हापासून उघडाच आहे, कपाट तिरपंच. त्यातून सकाळी धाकटी आली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात उतरली.

"कचेरीतून माणूस आला होता आमच्याकडे. मी तुमच्यासाठी खोटं बोलले आणि तुम्ही जाऊन मला खोटी पाडलीत!"

"खरं काय ते सांगितलं."

"हो ना! तुम्ही खऱ्या आणि आम्ही लबाड. तीस वर्षं तेच ऐकतेय."

"तुझ्यावर काही येणार नाही, मी त्यांना सांगितलंय."

"माझ्यावर काय येतंय याची चिंता तुम्हाला? आई अंथरुणावर होत्या तेव्हा कुठे होती ही चिंता?" आणि आली तशी वर गेली. जिन्याच्या काळ्या कठड्याला हात लागला म्हणून अर्ध्या वाटेवर थांबून पदराला पुसला, तेवढाच खंड पडला.

आता तिच्याकडून सही कशी मागायची?

७ मार्च, शुक्रवार

अर्ज लिहिला. दोनदा खाडाखोड करून तिसऱ्यांदा साफ लिहिला, आणि आज पॅसेजमधून तिच्याकडे नेऊन दिला. ती गाठोडी आवरत होती. वाचला.

"'आपणास विनंती करण्यात येते की'? हे मला?"

"कचेरीला लागतं तसं लिहिलंय."

"आई गेल्यावर तेराव्या दिवशी भांड्यांची यादी दिलीत, तीही अशीच होती. 'पातेली, मोठी, तीन. पैकी आपल्या हिश्श्यास दीड.' दीड पातेलं, वहिनी! मी त्या यादीवर रडले होते, आणि मग हेसुद्धा हसले होते. दीड पातेलं कुठून द्यायचं होतंत?"

ती यादी मला चांगली आठवते. हिशेब बरोबर होता. पण तिच्या तोंडून ऐकताना तो बरोबर वाटला नाही.

मी म्हटलं, "सही देशील का?"

"कशाला? पाहुणे हवेत म्हणून?"

"वर माणसं असतात. त्यांना बाहेर पडता आलं पाहिजे."

"ते कळलं. आणखी?"

आणखी काही नव्हतं. पण ती हात कमरेवर ठेवून वाट बघत उभी राहिली. मग मी म्हटलं, "इस्त्री चालू राहिली ते मला आठवत नाही. बंद केल्याचं आठवतं. नळाचंही तसंच झालं होतं."

हे मी लेकीला सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हते.

धाकटीने गाठोड्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग पेन मागितलं. सही करून कागद हातातच धरून म्हणाली, "दोन अटी आहेत. इस्त्री इकडे माझ्याकडे होईल. आणि दुपारी दोन ते चार तुम्ही झोपायचं."

"मी दुपारी झोपत नाही."

"म्हणून तर पायरीवर झोपलात."

"दोन मिनिटं टेकले होते."

"वहिनी, गजर वाजायला लागला तेव्हा मी रजया काढायला सुरुवात केली. सगळं कपाट रिकामं झालं तेव्हा तुम्ही आलात. दोन मिनिटांत कपाट रिकामं होत नाही. सही हवी की नको?"

कागद घेतला. दुसरी अट गैरलागू आहे, मी काही थकलेली नाही. पण संमतीपत्रावर अट असेल तर ती पाळावी लागते.

१२ मार्च, बुधवार

अधिकारी पाहणी करून गेली. कपाट धाकटीच्या खोलीत हलवलं, भावजी आणि दोन हमाल लागले. दरवाजाची कडीसुद्धा काढून टाकली. मुद्दा नऊ अधिकारी बाईने स्वतः भरला. परवानगी परत मिळाली. लेकीला कळवलं, ती म्हणाली, "बरं झालं," आणि मग, "काकूला फोन दे जरा." दिला. दोघी काय बोलल्या ते मला सांगण्यात आलं नाही.

दोन वाजता झोपले. पॅसेजमधून पावलं आली, माझ्या जिन्याने खाली उतरली, स्वयंपाकघरात काहीतरी बंद केल्याचा खटका झाला, आणि पावलं परत वर गेली. काय चालू राहिलं होतं ते उठून पाहिलं नाही. कूस बदलली.